आईच्या गुडघ्याची गादी, दुर्बीण आणि 'खोटं' ऑपरेशन

येरळाकाठ
नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आई ६१ वर्षांची. गाव पलूस तालुक्यात. मी पुण्यात नोकरीला, धाकटा भाऊ गावी शेती बघतो. आईचा सगळा जन्म उकिडवं बसून भांगलण करण्यात गेला, शिवाय हळदीचा हंगाम आणि दारात दोन म्हशी. दिवाळीपासून उजवा गुडघा धरलाय. जिना उतरताना आतल्या बाजूला कळ येते. पाटावर बसली की उठायला कुणाचा तरी हात लागतो. गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, तेल झालं, निरगुडीचा पाला बांधून झाला. मग भावानं मिरजेला नेलं, एमआरआय काढला. रिपोर्टात 'मेडियल मेनिस्कसला डीजनरेटिव्ह टेअर' आणि सांध्यात थोडं पाणी, असं आहे. डॉक्टर म्हणाले, गादी फाटलीय, दुर्बिणीतून साफ करून घेऊ, दोन बारीक छिद्रं, दुसऱ्या दिवशी घरी. खर्च पाऊण लाखाच्या आसपास. तारीखही दिलीय.

पैशाचं काही नाही, जमतील. पण 'याने नक्की काय फरक पडेल' असं मी फोनवर विचारलं तर 'फाटलंय ते काढायला नको का?' असा उलटा प्रश्न आला. त्याचं उत्तर माझ्याकडेही नाही. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

भडंगखाऊ
बिनधास्त करून घ्या. माझ्या आत्याचं मिरजेतच झालं, तीन वर्षं झाली. आता टणाटणा चालते, पंढरपूरला जाऊन आली. कर्नाटकातून गाड्या भरभरून पेशंट मिरजेला येतात ते काय उगाच?

मिरजेची_सिस्टर
ऑपरेशन थिएटरमध्ये ३१ वर्षं काढली, आता घरी नातवंडं सांभाळते. त्यामुळे विचारते. आई पडल्या होत्या का? गुडघा पिळवटला होता का? वाकवलेला गुडघा तिथंच अडकून बसतो, सरळच होत नाही, असं होतं का? आणि डावा गुडघा कसा आहे?

येरळाकाठ
पडली नाही, अडकतही नाही. डाव्याचं विचारलंच नाही, खरं सांगतो.

आकडेमोड्या
माझं पोट क्लिनिकल रिसर्चवर चालतं. डॉक्टर नाही, चाचण्यांची आकडेमोड करतो. तुमचा प्रश्न नेमका आमच्या धंद्यातल्या एका फार गाजलेल्या चाचणीचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

अमेरिकेत ह्यूस्टनला माजी सैनिकांचं एक रुग्णालय आहे. तिथं मोझली नावाच्या सर्जननं गुडघ्याची झीज, म्हणजे झिजेचा संधिवात, झालेले १८० रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे तीन गट पाडले. एका गटाचा गुडघा दुर्बिणीतून खरवडून साफ केला. दुसऱ्याचा नुसता सलाईनच्या पाण्यानं धुतला. तिसऱ्या गटाचं केलं खोटं ऑपरेशन. म्हणजे रुग्ण टेबलावर, गुंगीचं औषध दिलेलं, गुडघ्यावर खरे चिरे, सर्जन हत्यारं मागतोय, पाय हलवतोय, पाण्याचा आवाज यावा म्हणून पाणीसुद्धा उडवतोय. पण सांध्याच्या आत काही गेलंच नाही. वर टाके. कुणाला काय करायचं याचं पाकीट रुग्ण थिएटरमध्ये आल्यावरच फोडायचे. रात्री वॉर्डात ज्या नर्सेस होत्या त्यांनाही कोण कुठल्या गटातला ते माहीत नव्हतं.

दोन वर्षं पाठपुरावा केला. निकाल २००२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. वेदना आणि चालणं-चढणं, दोन्हींत तिन्ही गट सारखेच. दोन वर्षांत कुठल्याही टप्प्यावर खऱ्या ऑपरेशनवाले खोट्यावाल्यांच्या पुढं गेले नाहीत.

भडंगखाऊ
म्हणजे माझी आत्या खोटं बोलते असं म्हणायचंय का तुम्हाला?

आकडेमोड्या
अजिबात नाही. त्यातली गंमत तीच आहे. खोट्या ऑपरेशनवाल्यांनाही बरं वाटलंच होतं. तुमची आत्या खरंच बरी झाली. पण ती दुर्बिणीमुळे बरी झाली का, हे एकट्या आत्याकडे बघून कळायला मार्ग नाही.

तुम्ही सांगलीचे ना? मग कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरून, पुराचं सांगतो. ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका. पाणी धोक्याच्या वर गेलं की लोक घाटाकडं नारळ घेऊन धावतात. २० फुटांवर असताना कोण जातो नारळ सोडायला? आणि पाणी तर आज ना उद्या उतरणारच आहे. २०१९ ला ५७ फुटांच्या पुढं गेलेलं, तेही उतरलंच. ज्यानं आदल्या संध्याकाळी नारळ सोडला त्याला आयुष्यभर वाटत राहतं की कृष्णामाईनं आपलं ऐकलं. गुडघ्याचं दुखणं असंच चढतं-उतरतं. माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखणं ४५ फुटांवर गेल्यावर. त्यानंतर काहीही करा, थोडं उतरणार असतंच. त्यात पाऊण लाख खर्च केलेत, पोरं सुट्टी काढून उशाशी बसलीत, सहा आठवडे आत्यानं खुरपं हातात घेतलेलं नाही, या सगळ्याचाही गुण येतो. तेवढं वजा करून उरलेला गुण दुर्बिणीचा. तो मोजायचा तर शेजारी खोट्या ऑपरेशनचा गट लागतो.

भडंगखाऊ
पुराची उपमा आवडली, पण आत्याला सांगणार नाही. मार खाईन.

बेदाणा_सौदा
आणि हे सगळं कायदेशीर आहे? जित्या माणसाच्या गुडघ्याला उगाच चिरा द्यायचा आणि ऑपरेशन केलं म्हणून सांगायचं? उद्या आपल्याकडे गरिबांवर असले प्रयोग करायला मोकळे. आधीच कंपन्या आपल्याला गिनिपिग समजतात.

आकडेमोड्या
राग बरोबर आहे, पण 'ऑपरेशन केलं' असं सांगितलेलं नव्हतं. प्रत्येक रुग्णानं आधी स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं की माझ्या वाट्याला नुसतं खोटं ऑपरेशन येऊ शकतं आणि त्यानं माझ्या संधिवाताला फायदा होणार नाही. चाचणीत बसू शकतील असे ३२४ जण निघाले, त्यातले १४४ हे ऐकून सरळ नको म्हणाले. म्हणजे शंभरातले ४४. मला हा आकडा निकालाइतकाच महत्त्वाचा वाटतो. नको म्हणता आलं, याचा अर्थ विचारलं नीट होतं.

आपल्याकडे २०१९ चे नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्यांचे नियम आहेत. सहभागी माणसाला लिहिता-वाचता येत नसेल तर संमती घेताना त्रयस्थ साक्षीदार हजर हवा. अगदी नव्या औषधाच्या रेणूची चाचणी असेल आणि माणूस परिस्थितीनं अडलेला असेल तर संमतीचं चित्रीकरण करावं लागतं. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची सीटीआरआय नावाची चाचण्यांची नोंदवही २००७ पासून आहे, कुणीही फुकट उघडून बघू शकतो. नियम कागदावर उत्तम आहेत. वॉर्डात ते कितपत पोचतात हे सिस्टरताई जास्त सांगतील.

मिरजेची_सिस्टर
सांगते की. संशोधनाचं सोडा, साध्या ऑपरेशनच्या संमतीची गोष्ट सांगते. फॉर्म इंग्रजीत. बाई कवठेमहांकाळकडची, नवरा जत भागातला, त्याला कन्नड जवळचं. मामा फॉर्म पुढं करणार, 'इथं करा', की झाला अंगठा. मी किती वेळा थांबवून विचारलं असेल, 'मावशी, कसलं ऑपरेशन हाय म्हाईत हाय का?' तर उत्तर यायचं, 'डाक्टर म्हणत्यात ते.' मी शिकले त्या काळात आम्हाला एक म्हातारे सर्जन होते, ते फॉर्मवर सही घेण्याआधी रुग्णालाच विचारायचे, 'मी उद्या काय करणार आहे ते मला सांगा बघू.' सांगता आलं नाही तर ऑपरेशन पुढं ढकलायचे. सगळ्यांची चिडचिड व्हायची, माझीसुद्धा.

मिरजेचं नाव इथं रुग्णालय काढणाऱ्या वानलेस साहेबांपासून, १८९४ पासूनचं. नावावर विश्वास ठेवून लोक येतात. म्हणूनच विचारून घ्यावं, विचारण्यात अपमान नाही.

प्लास्टर
ऑर्थोपेडिक सर्जन आहे, सातारा जिल्ह्यात. एकतर्फी चाललंय म्हणून लिहितो.

एक, मोझलीची चाचणी संधिवाताची होती, रुग्ण जवळजवळ सगळे पुरुष, माजी सैनिक, आणि सर्व ऑपरेशनं एकाच सर्जननं केलेली. तेव्हा आमच्या मंडळींनी याच मुद्द्यांवर ती झोडली होती. आईंचा प्रश्न गादीचा आहे, त्यावरची चाचणी वेगळी. ती फिनलंडची, २०१३ मधली. ३५ ते ६५ वयाचे १४६ रुग्ण, पाच रुग्णालयं, गादी झिजून फाटलेली पण संधिवात नाही असे. सगळ्यांच्या गुडघ्यात दुर्बीण घालून आधी खात्री केली आणि मग टेबलावरच चिठ्ठी उघडली. खोट्या गटात पातं काढलेलं यंत्र वाटीवर बाहेरून दाबून धरायचे, म्हणजे आवाज आणि थरथर तीच. वर्षभरानंतर, प्रामाणिकपणे सांगतो, तिथंही फरक निघाला नाही. पाच वर्षांनंतरच्या पाहणीत तर गादी कापलेल्यांच्या एक्स-रेत झीज किंचित जास्त दिसली.

दोन, 'व्यायामच करा' म्हणणाऱ्यांसाठी. अमेरिकेत २०१३ मध्येच ३५१ रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला, ऑपरेशन विरुद्ध फिजिओ. सरासरी निकाल सारखे. पण फिजिओच्या गटातल्या ३० टक्के लोकांनी सहा महिन्यांत ऑपरेशन करून घेतलंच. ते का गेले? दुखत होतं म्हणून. माझ्या ओपीडीत बसून बघा.

तीन, सिस्टरनी विचारलेले प्रश्न सोन्यासारखे आहेत. तरणा पोरगा कबड्डीत गुडघा पिरगाळून आला, लगेच सूज, गुडघा सरळच होत नाही, तर ती वेगळी केस, तिथं दुर्बीण हवीच, आणि मी करतो. साठीच्या बाईची हळूहळू झिजलेली गादी ही दुसरी केस. ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या तज्ज्ञ गटानं २०१७ मध्ये या दुसऱ्या प्रकारात दुर्बीण करूच नका असं जवळजवळ सरसकट सांगितलंय. मी स्वतः २०१२-१३ पर्यंत अशी ऑपरेशनं बरीच केली. लोक खूश असायचे. आता करत नाही, तर काही जण माझ्याकडून उठून दुसरीकडे जाऊन करून येतात आणि मला पेढे देऊन जातात.

येरळाकाठ
डॉक्टर, मनापासून आभार. पण एक कळत नाही. एमआरआयमध्ये फाटलेलं दिसतंय. डोळ्यानं दिसतंय ते कारण नसेल तर कारण काय?

प्लास्टर
अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात रस्त्यावरच्या साध्या लोकांचे, पेशंटांचे नव्हे, एमआरआय काढले होते. ५० ते ९० वयाचे ९९१ लोक. ज्यांची गादी फाटलेली निघाली त्यांतल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिनाभरात गुडघ्याचा काहीही त्रास नव्हता. साठीनंतर फाटलेली गादी म्हणजे बऱ्याचदा पांढरे केस. दिसतात, दुखत नाहीत. दुखणं हाडातून, आवरणातून, स्नायू आखडल्यानं, कशानंही येऊ शकतं. एमआरआय काढला की काही ना काही सापडणारच, आणि सापडलं की काढावंसं वाटणारच.

बेदाणा_सौदा
मग पीआरपी घ्या. स्वतःच्याच रक्तातला भाग काढून गुडघ्यात इंजेक्शन, साईड इफेक्ट नाही. आमच्या तासगावात एकानं घेतलंय, चार इंजेक्शनं.

आकडेमोड्या
ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर पीआरपी विरुद्ध मिठाचं पाणी अशी चाचणी झाली, २०२१ साली निकाल आला. वर्षभरानं वेदनेत आणि कूर्चेत, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत थरात, म्हणण्यासारखा फरक नाही. स्टिरॉईडची इंजेक्शनं दर तीन महिन्यांनी दोन वर्षं देऊन पाहिली, १४० रुग्ण, २०१७. मिठाच्या पाण्यापेक्षा दुखणं काही कमी झालं नाही आणि कूर्चा जास्त झिजली.

बेदाणा_सौदा
तुमच्याकडे प्रत्येक गोष्टीला 'नाही' म्हणणारी चाचणी तयारच असते राव. असं कायतरी सांगा की ज्यानं होतं.

प्लास्टर
होतं की. पूर्ण सांधा बदलणं. डेन्मार्कमध्ये १०० रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून चाचणी झाली, २०१५. सांधेबदल करणाऱ्यांचं दुखणं फक्त व्यायाम-वजन-औषधवाल्यांपेक्षा स्पष्ट जास्त कमी झालं. गंभीर गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त झाली, हेही लिहिलंय. आणि विशेष म्हणजे दुसऱ्या गटातल्या दर चौघांपैकी तिघांनी वर्षभरात सांधा बदलून घेतलाच नाही, त्यांचं तेवढ्यावर भागलं. पण ते हाडाला हाड घासायला लागलेल्या गुडघ्यांसाठी. आईंचं तिथवर आलेलं दिसत नाही.

फिजिओ_कराड
उशिरा आले. व्यायाम म्हणजे काय ते कुणीच लिहिलं नाही, नुसतं 'फिजिओ करा'. लोक येतात, दहा दिवस शेक घेतात, लाइटवालं मशीन लावून घेतात आणि 'फिजिओनं गुण नाही' म्हणून जातात. शेकाला मी व्यायाम धरत नाही.

करायचं ते असं. मांडीच्या पुढच्या स्नायूला ताकद आणायची. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, सुरुवातीला उंच खुर्ची, खाली उशी घालून. उताणं झोपून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती दाबून धरणं. मग पायरी चढ-उतर, आधाराला कठडा. आठवड्यातून निदान तीन दिवस, निदान १२ आठवडे. करताना थोडं दुखेल, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओसरलं पाहिजे. नाही ओसरलं तर कमी करा, बंद करू नका. बायका इथंच सोडतात, 'दुखतंय म्हणजे घासतंय' म्हणून.

वजन विचारत नाही, पण १ किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी उतरतो, हे मोजलेलं आहे. आणि भांगलण उकिडवं बसून करायची नाही. बुटका स्टूल किंवा लांब दांड्याचं खुरपं. हे सगळ्यात अवघड, कारण स्टुलावर बसून भांगलणाऱ्या बाईला शेजारच्या सरीतल्या हसतात.

विट्याची_लेक
हसतात याच्यावरून. माझ्या सासूबाईंच्या वेळी आम्ही ऑपरेशन नको ठरवलं तर भावकीत बोलणी झाली. 'नातवाच्या बारशाला हॉल घेतला आन् म्हातारीच्या गुडघ्याला पैसं निघंनात.' व्यायाम दिसत नाही ना कुणाला. ऑपरेशन दिसतं. भेटायला माणसं येतात, मोसंबी आणतात.

येरळाकाठ
विट्याची_लेक, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. मला वाटतं मी धागा काढला तो यासाठीच. मी पुण्यात बसून महिन्याला पैसे पाठवणारा मुलगा. पाऊण लाख भरले की मी आईसाठी काहीतरी केलं असं होणार होतं. 'खुर्चीवरून दहा वेळा उठ' हे सांगायला काय मुलगा लागतो?

सगळं वाचून काल आईलाच फोन केला आणि पहिल्यांदा विचारलं, तुला काय जमायला हवंय? म्हणाली, 'मला कुठं पळायला जायचंय? पाटावर बसून भाकरी थापाय यावी. गॅसच्या कट्ट्यावरची भाकरी फुगत न्हाय.' दुर्बिणीनंतर पाटावर बसायला लगेच परवानगी असते का, हे आम्ही कुणीच विचारलं नव्हतं.

मिरजेची_सिस्टर
नसते. आठवडे जातात. आणि बसूच नका असंही बरेच सांगतात.

भडंगखाऊ
आत्याला विचारलं. ती आता खुर्चीवरच बसते. मला हे माहीतच नव्हतं.

येरळाकाठ
चार महिन्यांनी धागा वर काढतोय. तारीख रद्द केली होती. रुग्णालयानं आगाऊ भरलेले पैसे परत करायला दीड महिना लावला, ते असो. भावानं आठवड्यातून दोनदा कराडला नेलं, पुढं घरीच. पहिले तीन आठवडे आई रोज फोनवर मला शिव्या देत होती. सहाव्या आठवड्यात मध्येच बंद केलं, कारण हळद शिजवायची होती. मग परत सुरू. आता जिना उतरताना कळ आहे, पण थांबावं लागत नाही. गोळी रोज एक होती ती आठवड्यातून एखादी. पाटावर बसते, उठताना भिंतीला हात लावते. भाकरी थापते, पण दोन-तीनच, बाकीच्या वहिनी. स्टूल अजून शेतात नेत नाही.

शेजारच्या काकूंनी मात्र याच काळात दुर्बीण करून घेतली. त्यांनाही बरं आहे. दोघी एकमेकींना आपापलं पटवत असतात.

आणि सिस्टर, तुमच्या पहिल्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. कराडला दोन्ही गुडघ्यांचा उभं राहून साधा एक्स-रे काढला. डावाही उजव्याइतकाच झिजलेला आहे. तो कधीच दुखला नाही.

मिरजेची_सिस्टर
वाटलंच होतं. काकूंचे टाके कोरडे झाले का?